पायगोंडाच्या डोळ्याची काच

तंबाखूचं पान सांगून पिकत नाही. आधी त्याचा हिरवा रंग थकतो. मग कडा मातीकडे वळतात. आणि एखाद्या थंड सकाळी पानावर तांबूस ठिपके उमटतात, गोऱ्या म्हाताऱ्याच्या हातावर उमटावेत तसे. त्या ठिपक्याआधी कापलं तर पान हिरवट राहतं, विडीत घशाला ओरबाडतं. उशिरा कापलं तर करपून जातं. मधली जी वेळ असते ती ओळखणारी नजर निपाणीच्या काळ्या रानात फार थोड्यांना मिळाली. कोगनोळीच्या शिवाराला लागून असलेल्या आमच्या गावात ती पायगोंडाला मिळाली होती.

पायगोंडा जैनाचा. उंच, वाळका, डोक्याला तांबडा रुमाल. त्याचं स्वतःचं रान थोडं, पण पौष लागला की दूधगंगेच्या दोन्ही काठांवरून त्याला बोलावणी येत. तो बांधावर उभा राहायचा, उन्हाकडे पाठ करायचा आणि नुसता बघायचा. बराच वेळ. मग म्हणायचा, "वरच्या तुकड्याला उद्या विळा घाला. खालचा ऱ्हाऊ द्या." पानाला तो कधी हात लावत नसे, आणि दुसऱ्यालाही लावू देत नसे.

एकदा नागोजी नावाचा शेतकरी त्याच्यादेखत पान चाचपू लागला. पायगोंडा खेकसला, "हात काढ, नागोजी! पान हाय त्ये, बायकोचा गाल न्हवं."

"गालाला हात लावाय घरात कुठं मोकळीक हाय, आण्णा! म्हणूनच पानाला लावतोय."

माणसं हसली. पायगोंडा हसला नाही. "पानाच्या अंगावर चिकट थर असतोय. त्योच खरा माल. वरनं पाऊस पडला तर धुऊन जातोय, तू चोळलास तर पुसून जातोय. मग हातात ऱ्हातोय निस्ता पाला. बघायचं आणि सोडायचं. हात लावायचा न्हाय."

हे त्याचं वाक्य लोकांना पाठ होतं. पोरं त्याची नक्कल करायची.

त्याच नागोजीच्या रानात पुढे त्याची नजर फसली. माघाचे दिवस होते. पायगोंडा बांधावर उभा राहिला, नेहमीसारखा बघत राहिला आणि म्हणाला, "ठिपका पडलाय. घाला विळा." नागोजीनं घातला. पान वाळलं ते हिरवं-काळं. निपाणीच्या व्यापाऱ्यानं पानांची एक चापट, म्हणजे जुडी, उलटी केली, नाकाशी धरली आणि बाजूला टाकली.

नागोजी भांडायला आला नाही. ते जास्त वाईट. तो पान घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आण्णा, जरा बघा. माझंच कायतरी चुकलं आसंल."

पायगोंडानं पान उन्हात धरलं. ठिपके होते. त्यानं पान बाजूला केलं आणि पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. ठिपके भिंतीवरही होते. आभाळाकडे बघितलं, तिथंही होते. तो पान हातात घेऊन खाली बसला.

"तुझं न्हाय चुकलं, नागोजी," तो म्हणाला. "ठिपकं पानावर नव्हतंच."

त्यानंतर बोलावणी थांबली. रस्त्यात भेटले की लोक तब्येत विचारायचे, पाण्याची गोष्ट काढायचे, तंबाखूची काढायचे नाहीत. पायगोंडा घरात बसून राहू लागला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात धरू लागला होता.

घरात त्याचा मुलगा पद्मराज होता, सून होती आणि लक्ष्मीआक्का होती. लक्ष्मीआक्का ही पायगोंडाची थोरली बहीण. लग्नाचं काही कळायच्या आत विधवा झाली, माहेरी परत आली. त्याच साली आई पायगोंडाला जन्म देऊन गेली. त्या तान्ह्या पोराला आक्कानं कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून पाजली. स्वतःचं पोर व्हायचं तिच्या नशिबात नव्हतं. तिनं भावालाच पोर केलं. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाही, दिवस मावळल्यावर तोंडात घास घालणार नाही, सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, पार्श्वनाथाचा अभिषेक बघितल्याशिवाय चूल पेटवणार नाही, अशी बाई. अभिषेकाचं पाणी, आमच्यात त्याला गंधोदक म्हणतात, ती रोज बोटानं कपाळाला आणि पापण्यांना लावायची. मग तेच ओलं बोट घरी येऊन भावाच्या कपाळाला.

बेळगावला एक डॉक्टर मोती काढतो असं पद्मराजनं बाजारात ऐकलं. मिनेझिस त्याचं नाव, गोव्याकडचा ख्रिस्ती. आक्कानं ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"ख्रिस्तावाच्या हातनं डोळा चिरून घ्यायचा?"

"डोळ्याला जात नसतीया, आक्का," पायगोंडा म्हणाला.

"हाताला असतीया न्हवं?"

"मग तू काढ. सांडशी आणू?"

आक्का हसली, मग रडली आणि मग तिनं नवस केला. डोळा येईपर्यंत गूळ बंद. आणि डोळा आला की पार्श्वनाथाला पंचामृताचा अभिषेक, आणि त्याचं पहिलं गंधोदक त्याच डोळ्याला. हे ती बस्तीत, उपाध्यांच्या समोर बोलली. बोललेलं फिरवायची तिची रीत नव्हती.

पुढच्या साली फाल्गुनाच्या तोंडाला सगळे सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेले. दवाखान्याच्या मागं एक पत्र्याची शेड होती, नातेवाइकांना रांधायला. आक्कानं तिथं दगड मांडले, फडक्यानं पाणी गाळलं आणि शेजारच्या बायकांची थट्टा झेलत सूर्य बुडायच्या आत भावाला भाकरी भरवली.

डॉक्टर मिनेझिस ठेंगणा माणूस. कोकणी हेल काढून मराठी बोलायचा. त्यानं पायगोंडाला खिडकीजवळ बसवलं आणि कोपऱ्यातला कंदील मागवला.

"बाबा, ही काच. हिच्या आत वात. तुझी वात बरी आसा. वातीच्या पुढं मळ साचलाय, तो मी काढतो. ते काम मला येतं. पण जायचं कुठून? काचेच्या कडेनंच ना? ही काच मला सांभाळायची आहे. कापताना ती सुकता नये, खरडता नये. नंतर तुला सांभाळायची आहे. काच एकदा पांढरी झाली की मी काय, लंडनच्या डॉक्टरनं येऊन पुसली तरी निघणार नाही. समजलं?"

पायगोंडा म्हणाला, "समजलं. पानावरच्या थरासारखं."

"कसलं पान?"

"तंबाखूचं. हात लावायचा न्हाय."

डॉक्टर पहिल्यांदाच हसला. "असा रोगी मला रोज मिळू दे."

डोळ्यात थेंब घातले आणि डोळा परका झाला. पायगोंडाला चिमटा लागला हे कळलं, दुखलं नाही. डॉक्टर सारखा म्हणत होता, "आवळू नको. खाली बघ. पायाकडं बघ." आणि दुसरं कुणीतरी शेजारी उभं राहून उकळून गार केलेलं मिठाचं पाणी डोळ्यावर सोडत होतं, थेंब थेंब. काच ओली राहावी म्हणून. पायगोंडानं मनाशी त्या थेंबांना धरून ठेवलं. सुरीचा विचार आला की तो पुढच्या थेंबाची वाट बघायचा. मग एकदम उजेड आला. उजेडात एक हात होता.

"किती बोटं?"

"दोन. एकात अंगठी हाय. आणि सगळं निळं दिसतंय, डाक्टर."

"निळंच दिसणार काही दिवस. आता पट्टी."

दोन्ही डोळे बांधले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर नाहीच. उजव्या डोळ्यावर पट्टीच्या वर पत्र्याची वाटी बसवली, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. डॉक्टरांनी आक्काला समोर उभं करून बजावलं, "आई, या वाटीखाली काही जाता कामा नये. वारासुद्धा नको."

"व्हय, साहेब," आक्का म्हणाली. तिला ते मनापासून पटलं होतं. वारा नको, धूळ नको, मिरचीचा हात नको. सगळं तिनं पाळलं. डास बसू नये म्हणून पदरानं वारा घालत उशाशी बसून राहिली. वाऱ्याचं आठवलं तेव्हा तेही बंद केलं.

पण भाऊ कुजबुजला होता, "आक्का, अंगठी दिसली." डोळा आला होता. आणि गावात नंदीश्वराची अष्टमी, फाल्गुनातला आमचा सण, आली होती. पद्मराजला उशाशी बसवून आक्का मोटारीनं गावाला गेली. पद्मराज म्हणाला होता, "आत्ती, बेळगावात बस्त्या काय कमी हायत? हितंच कर की."

"नवस कुणाला बोललोय आपण? देणं एकाच्या दारचं आणि फेडायचं दुसऱ्याच्या?"

अभिषेक झाला. दूध, दही, तूप, उसाचा रस, शहाळ्याचं पाणी, शेवटी चंदन. आक्कानं ते गंधोदक तांब्याच्या लोटीत घेतलं, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशीच्या मोटारीत लोटी मांडीवर धरून बसली. उन्हाचा दिवस होता. मोटार वाटेत बंद पडली. माणसं उतरून झाडाखाली गेली. आक्का उतरली नाही, लोटी खाली ठेवावी लागली असती म्हणून. दवाखान्यात पोचली तेव्हा दिवस कलला होता आणि पद्मराज भाकरी आणायला शेडकडे गेला होता.

ती उशाशी बसली. पायगोंडाला आधी चंदनाचा वास आला. त्या वासाखाली दुसरा एक वास होता, आंबूस.

"आक्का?"

"हलू नगोस. तुझ्यासाठी आणलंय."

तिनं पत्र्याची वाटी उचलली आणि पट्टी वर सरकवली. हे काम तिनं इतक्या हळुवारपणे केलं की पट्टीची घडीसुद्धा मोडली नाही. पायगोंडाला सगळं समजत होतं. त्याचा हात उठला होता. तंबाखूच्या रानात ज्या माणसानं आयुष्यभर "हात काढ" म्हटलं, त्याच्या तोंडाशी ते शब्द आले होते. पण ते आक्काचं बोट होतं. आणि बोटाला जे लागलं होतं त्याला आमच्या गावात आजवर कुणी नको म्हटलेलं नव्हतं. तो उठलेला हात त्यानं जोडला.

थेंब गार होता. मग किंचित झोंबला. आक्कानं पट्टी जागच्या जागी बसवली, वाटी ठेवली, दिवस मावळायच्या आत गुळाचा खडा तोंडात टाकला आणि रात्री शेडमध्ये झोपली.

पुढचे दिवस पायगोंडानं दात आवळून काढले. डोळ्यात निखारा होता. डॉक्टरांनी पट्टी काढली. काच पांढरी होत होती, दूध नासावं तशी. डॉक्टरांनी औषधं घातली, शेक दिला. मग एका सकाळी हात धुऊन ते खाटेशी आले.

"कोणी हात लावला?"

आक्का पायथ्याशी उभी होती. तिचा श्वास पायगोंडाला ऐकू येत होता. तिच्या मनात तिळभरही शंका नव्हती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला आठवत होतं, आणि आपण ते मोडलं असं तिला वाटतच नव्हतं. देवाचं पाणी म्हणजे काही धूळ नव्हे, मिरची नव्हे.

पायगोंडा म्हणाला, "मीच चोळला, साहेब. झोपेत."

डॉक्टरांनी पत्र्याची मोकळी वाटी उचलली. "पानाला हात लावायचा नाही म्हणालास ना?" ते म्हणाले. "दुसरा डोळा पिकला की ये. मी काढीन. पण तुझे हात खाटेला बांधीन." आणि निघून गेले.

गावी आल्यावर आक्कानं लोकांना आपलं खरं सांगितलं. "आधी अंगठी दिसली न्हवं माझ्या भावाला? मग ख्रिस्तावानं कसली कसली औषधं घातली आणि डोळा जाळला. वर माझ्या भावावरच आळ! झोपेत चोळला म्हणं. वाळूच्या पिशव्यांत गाडलेला माणूस कसा चोळंल?" हे ती दळताना सांगायची, पाणवठ्यावर सांगायची, निपाणीच्या बाजारातसुद्धा सांगायची. आणि पायगोंडा कट्ट्यावर बसून ऐकायचा.

त्याचा डावा डोळा पिकला. पद्मराज म्हणाला, "आप्पा, जाऊया. हात बांधूंदेत." आक्का उंबऱ्यात आडवी बसली. "एक खाल्ला त्यानं, दुसराबी देऊन या. पर माझ्यावरनं पाय टाकून जायाचं." तिला उठवायला एकच वाक्य पुरलं असतं. पायगोंडाच्या ओठावर ते आलं आणि तिथंच वाळलं. तो घरातच राहिला. डावा डोळाही गेला.

गल्लीत भरमू होता, मराठ्याचा, पायगोंडाच्याच वयाचा, विनोदी माणूस. त्यालाही मोती आला. पोरं त्याला बेळगावला न्यायला निघाली तर तो म्हणाला, "पायगोंडाचं काय झालं बघितलंय. आता निदान बायकूचं तोंड धूसर दिसतंय, तेवढंच सुख हाय. ते कशाला घालवू?" माणसं हसली. पायगोंडाही तोंडदेखलं हसला. मग गल्लीतल्या गुणाबाईनं नको म्हटलं, मग नागोजीच्या आईनं. आमच्या गल्लीतून बेळगावला डोळ्यासाठी कुणी गेलंच नाही. संध्याकाळी कट्ट्यावर भिंतीला टेकून म्हातारी माणसं बसायची आणि आवाजावरून एकमेकांना ओळखायची.

लढाईचे दिवस आले. मोटारी कोळशावर चालू लागल्या. आणि एके दिवशी आक्कानं गाळलेलं पाणी घागरीत न ओतता घागरीशेजारी ओतलं. सुनेनं ते फडक्यानं टिपलं. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पायगोंडानं पाण्याचा आवाज ऐकला. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पद्मराजनं चौकशी केली. मिनेझिस डॉक्टर म्हातारे झाले होते पण अजून मोती काढत होते. आक्का म्हणाली, "मेले तरी जाणार न्हाय."

तेव्हा पायगोंडानं तिला माजघरात बोलावलं. पद्मराजला बाहेर पाठवलं. त्याच्या आयुष्यात एवढं अवघड काही त्यानं केलं नव्हतं. तो म्हणाला, "आक्का, डाक्टरानं माझा डोळा घालवला न्हाय. मी झोपेत चोळलाबी न्हाय. लोटीतलं पाणी आंबलं हुतं. त्ये आत गेलं. काच त्यानं गेली."

आक्का भिंतीला टेकून खाली बसली.

"तुझी काय चूक न्हाय गं. मी थांबवायला पायजे हुतं. हात उचलला हुता मी. पर आता तू जा. तुझा डोळा येतोय."

"काय म्हणालास?" आक्काचा आवाज अगदी खाली होता. "पार्श्वनाथाच्या पाण्यानं डोळा गेला?"

"पाण्याला दोष न्हाय. पाणी कपाळाचं हाय, कापलेल्या डोळ्यातलं न्हवं."

"मी तुला दुधाची वात चोखवली. तवा आत काय जातंय ते इचारलं न्हाईस." ती उठली. भिंत चाचपत दारापर्यंत गेली. "ख्रिस्तावानं तुझा डोळाच नेला न्हाय. आतलंबी नेलं. ज्या घरात गंधोदकाला आंबलं म्हणत्यात, त्या घरातलं पाणी मला नगो."

त्याच दिवशी ती बस्तीच्या ओवरीत राहायला गेली. उपाध्यांनी तिला समजावलं, की गंधोदक कपाळाला लावायचं हे शास्त्रच आहे, भाऊ वावगं बोललेला नाही. तिनं ऐकून घेतलं आणि त्यांच्याशीही बोलणं कमी केलं.

सकाळी अभिषेक झाला की गंधोदकाचं भांडं घेऊन ती दाराशी बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या बोटांपुढं भांडं धरायची. पायगोंडा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून यायचा. तिला त्याची काठी ओळखू यायची. तो हात पुढं करायचा आणि भांड्याचा आवाज दगडावरून मागं सरकायचा. तो तसाच कोरडा हात कपाळाला लावायचा आणि उंबऱ्याला डोकं टेकून घरी जायचा.

सगळे गेले की आक्का बोट भांड्यात बुडवायची आणि आपल्या दोन्ही डोळ्यांत थेंब सोडायची. पापणीला नव्हे, आत. रोज. कुणी विचारलं, "आक्का, काय फरक?" की म्हणायची, "आज जरा दिसतंय. काल खांब दिसला. आज तुमचा रुमाल दिसतोय." रुमाल तांबडा का पांढरा, हे तिला कुणी विचारत नसे.

इंग्रजांच्या हातून देश सुटायच्या आदल्या हिवाळ्यात भरमू कट्ट्यावर पायगोंडाच्या शेजारी येऊन बसला. आता त्याला बायकोचं तोंड धूसरही दिसत नव्हतं.

"पायगोंडा, लक्ष्मीआक्काला दिसाय लागलंय म्हणत्यात. खरं काय रं?"

पायगोंडाची काठी दोन्ही हातांत होती. समोरून गाडी गेली, तंबाखूच्या ओझ्यानं चाकं करकरत होती. वासावरून पान बरं पिकलेलं वाटत होतं.

"आक्का म्हणतीया तर दिसत आसंल," तो म्हणाला. "ती कवा खोटं बोलली न्हाय."

"मग मला एक थेंब दील काय? मी मराठ्याचा. चालंल न्हवं?"

पायगोंडानं मान त्याच्या आवाजाकडे वळवली. "भरमू, बेळगावची मोटार सकाळी सुटती. पद्मराज येतोय तुझ्यासंगं. भाडं मी देतो."

"आन् डोळा?" भरमू मोठ्यानं हसला. "डोळाबी तूच देतोस व्हय, तुझाच पांढरा?" तो हसत हसत उठला. भिंत चाचपत त्यानं दिशा विचारली, आणि एका पोरानं त्याचा हात धरून त्याला समोरच्या बस्तीकडे वळवलं.

पायगोंडा ऐकत राहिला. भरमूची पावलं पायऱ्यांशी थांबली. आत दगडावर भांडं पुढं सरकल्याचा आवाज झाला. मग आक्काचा मायेनं भरलेला आवाज आला, जो त्यानं तिच्या तोंडून किती दिवसांत ऐकला नव्हता.

"ये, भरमू. डोळा उघड. भिऊ नगोस, हात लावू दे."